पुरवणीचं पान

वान मावशीनं दारातच बजावलं होतं, "नोरा नाचणाऱ्याचं घर आहे ते, जिन्तना. त्या घरात गंमतीतसुद्धा खोटं बोलायचं नाही. त्यांचे पितर आढ्याला टेकून बसलेले असतात. माणसांच्या आधी त्यांना ऐकू जातं."

जिन्तना हेल्मेटचा पट्टा लावत हसली. "मावशी, मी फॉर्म भरायला चाललेय, शपथ घ्यायला नाही."

"फॉर्म म्हणजे वेगळं काय असतं गं?"

पण तोवर स्कूटर सुरू झाली होती, आणि मावशीचा प्रश्न अंगणातच राहिला.

पंचविशीची पोर. दक्षिण थायलंडातल्या हाट याई शहरात कॉलेज केलेलं, जिल्ह्याच्या संस्कृती कार्यालयात वर्षभराच्या कंत्राटावर चिकटलेली. टेबलावर पहिलंच मोठं काम आलं ते हे : सरोवराकाठच्या बान ख्लोंग प्रिंग गावातले म्हातारे नर्तक नोरा रियाप यांचं नाव 'राष्ट्रीय कलाकार' या सन्मानासाठी पाठवायचं. नोरा हा इकडचा पक्ष्याच्या वेशातला नाच, आणि तो नाचणाऱ्यालाही नोराच म्हणतात. नाव दोनदा पाठवून झालेलं. दोनदा परत आलेलं. आणि गुरुजींना एक्क्याऐंशी पूर्ण. हा सन्मान हयात माणसालाच मिळतो, त्यामुळे ऑफिसात सगळे त्या फाइलकडे जरा घाईनं आणि जरा कंटाळ्यानं बघत.

गाव चार किलोमीटरवर असताना पाऊस आडवा आला. कालव्याकाठी लव्हाळ्याच्या चटया वाळवायची एक शेड होती, तिथं ती घुसली. घुसताना कागदांची पिशवी निसटली आणि अर्ज जमिनीवर पसरले. शेडमध्ये एक तरुण उभा होता. नुसता उभा.

"अहो, बघताय काय? उचला ना!"

"उचललं असतं," तो शांतपणे म्हणाला, "पण हात असे आहेत."

त्यानं हात वर केले. आठ बोटांना चांदीची लांब, मागे वळलेली नखं. पक्ष्याच्या पंखांची टोकं असावीत तशी. तो तिथं एकटाच सराव करत होता, पावसाच्या आवाजावर.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि बगळ्यानं मासा धरावा तसा, दोन नखांच्या टोकांत एक कागद धरून त्यानं तिच्यापुढे केला. कागदाला दोन भोकं.

"भोकं पाडलीत!"

"हवा खेळती राहील."

"सरकारी कागद आहे हा!"

"मग तर हवेची फारच गरज."

तिला हसायचं नव्हतं… हसू आलं. त्यानं मान जराशी कलती करून ते हसू पाहिलं, एखादी अवघड हालचाल लक्षात ठेवावी तसं.

"नोरा रियाप कुठं राहतात?"

"तिसऱ्यांदा आलात?"

"मी पहिल्यांदाच आलेय."

"तुमचं ऑफिस म्हणतोय मी. आधीचे दोघे चहा पिऊन गेले ते गेलेच."

"मी चहा पीत नाही."

"मग आशा आहे," तो म्हणाला. त्याचं नाव क्रियांग. बारा वर्षांचा असल्यापासून नोरा रियापांच्या घरी वाढलेला, त्यांचा शेवटचा शिष्य.

*

गुरुजींचे डोळे मोतीबिंदूनं धुरकट झाले होते, जीभ मात्र लखलखीत. जिन्तना समोर बसली तेव्हा त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"गेल्या वेळची पोरगी मला इतकी घाबरली, की कागदावर माझं नाव लिहायचंच विसरली म्हणे."

"मी पहिलं तेच लिहिलंय, गुरुजी."

"आणि दुसरं?"

"तुमचं वय."

"ते पुसून टाक. देणारे घाबरतील."

दर आठवड्याला ती यायची. जुने फोटो, कुठल्या देवळात कुठल्या साली नाच केला, कुणाला शिकवलं. गुरुजी सांगत, ती लिहून घेई आणि प्रत्येक पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवी, मग ते चाचपडत सही करत. क्रियांग पडवीत मण्यांचा अंगरखा दुरुस्त करत बसलेला असे, आणि दर वेळी त्याची जागा तिच्या चटईच्या थोडी जवळ सरकलेली असे.

"शिष्याची माहिती हवीय," ती एकदा म्हणाली. "वय?"

"सत्तावीस."

"विवाहित की अविवाहित?"

"हे विचारलंय फॉर्ममध्ये?"

"नाही…" तिनं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "माहीत असलेलं बरं."

तो इतका हसला की सुईतून मणी ओघळले. दोघं मिळून मणी वेचू लागले. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली आणि कुणीच हात पटकन मागे घेतला नाही. बाहेर रेडे पाण्यात उतरत होते. आत गुरुजी खोकले, मुद्दाम.

त्याच दिवशी क्रियांगनं तिला मुकुटाचं सांगितलं. नोराच्या डोक्यावर गुरूनं सगळ्या गावादेखत मुकुट ठेवावा लागतो, तेव्हा तो पुरा नोरा होतो. आणि तोवर त्यानं लग्न करायचं नाही. आधी लग्न केलं की तो पडला. नाचेल, लोक बघतील, पण पितर तोंड फिरवतील.

"पडला तर उचलायचा," ती म्हणाली.

"पडलेला नोरा उचलता येत नाही, जिन्तना." पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं, आणि तेही असल्या वाक्यात.

"मग मुकुट अजून का नाही ठेवला? सात वर्षं तयार आहेस म्हणतात सगळे."

क्रियांगनं आतल्या दाराकडे पाहिलं. सात वर्षांपूर्वी, दुसऱ्यांदा नाव परत आलं त्या आठवड्यात, गुरुजींनी पितरांना नवस बोलला होता : राष्ट्रीय कलाकाराचा मान मिळू दे, मग त्याच हातानं क्रियांगला मुकुट घालीन. त्याआधी नाही. नवस बोलून झालेला. मागे घेता येत नाही.

"म्हणजे…" ती थांबली. "म्हणजे ही फाइल…"

"हं. तुझ्याच हातात आहे," तो म्हणाला आणि लाजला. "फाइल म्हणतोय मी."

त्यानंतर तिनं ती फाइल जशी केली, तशी त्या ऑफिसात कुणी कधी केली नव्हती. शाळकरी मुली वहीच्या मागच्या पानावर कुणाचं तरी नाव गिरवतात ना, तसं ती म्हाताऱ्या गुरुजींच्या नाचांची यादी गिरवत होती. एकशे चौदा पानं. एप्रिलमध्ये फाइल बँकॉकला गेली.

जूनमध्ये फोन आला. समितीच्या कामाशी संबंधित कुणी भली बाई होती. "फाइल फार सुंदर आहे, बाळ. पण एक बाजू लंगडी पडते. वीस वर्षांत यांनी एकाही शिष्याला मुकुट घातलेला नाही. विद्या पुढं गेली असं कशावरून म्हणायचं? तसं काही असेल तर पुरवणीचं एक पान पाठव. शुक्रवारपर्यंत."

जिन्तना फोन धरून बसून राहिली. मान मिळाल्याशिवाय मुकुट नाही. मुकुटाशिवाय मान नाही. आणि ज्यांच्या हातानं मुकुट चढायचा ते गुरुजी दर आठवड्याला थोडे अधिक खोकत होते.

मान मिळाला की महिन्या-दोन महिन्यांत मुकुट चढणारच होता ना? मग खोटं कसलं? थोडं आधी लिहिलेलं खरं. असं तिनं स्वतःला समजावलं. शिकलेली माणसं स्वतःला फार चांगलं समजावतात.

पान तिनं हातानं लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. 'शिष्य : क्रियांग. गुरूंच्या हस्ते विधिपूर्वक मुकुटधारण केलेला.' गुरुवारी ती गावी गेली. क्रियांग गावात नव्हता, सरोवरापलीकडे नाचाला गेलेला. तिनं गुरुजींना पान वाचून दाखवलं. शिष्याचं नाव वाचलं, वय वाचलं, गाव वाचलं. पुढची ओळ वाचली नाही.

"झालं एवढंच?" गुरुजींनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी सही केली.

*

डिसेंबरात नाव जाहीर झालं. गावानं ढोल वाजवले, वान मावशीनं केळीच्या पानांत मिठाई बांधून पाठवली, आणि क्रियांग भर रस्त्यात तिच्या स्कूटरपुढे उभा राहून चांदीची नखं न चढवताच नाचला. मुकुटाचा विधी चांद्र वर्षाच्या सहाव्या महिन्यात ठरला. त्यानंतर लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे तो थोडे दिवस मठात भिक्षू होणार, आणि मग…

"मग काय?" तिनं विचारलं.

"मग तुझ्या मावशीकडे येणार. सुपारी घेऊन."

"ती हाकलून देईल."

"पडवीत बसेन. मला पडवीत बसायची सवय आहे."

ते दोन महिने. एवढेच होते तिच्या वाट्याला. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक असतं?

फेब्रुवारीत बँकॉकला सोहळा झाला. गुरुजी पांढऱ्या कोटात, काठी टेकत मंचावर गेले. निवेदिका एकेकाचं कार्य वाचत होती. तिसऱ्या रांगेत जिन्तना क्रियांगशेजारी बसली होती, त्याच्या हाताची ऊब खुर्चीच्या दांडीवरून तिच्या हाताला लागत होती. आणि ध्वनिक्षेपकातून, स्वच्छ, गोड आवाजात आलं :

"…ज्यांनी शिष्य क्रियांग यास स्वहस्ते मुकुट प्रदान करून ही परंपरा जिवंत ठेवली…"

शेजारचा हात दांडीवरून निघून गेला.

मंचावर गुरुजी थबकले. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. छातीवर पदक लागलं तेव्हा त्यांनी मान लववली. टाळ्या झाल्या.

परतीच्या गाडीत दहा तास काढायचे होते. पुढे चालकाशेजारी जिन्तना, मधल्या बाकावर कार्यालयाचे सुरात साहेब घोरत, मागे गुरुजी आणि क्रियांग. अर्ध्या वाटेवरचं चुम्फोन शहर मागे पडलं. मग गुरुजींनी विचारलं, "कुठला मुकुट?"

चालकानं रेडिओ बंद केला.

"मी विचारतोय, कुठला मुकुट? माझ्या हातानं कुणाच्या डोक्यावर ठेवला मी? कागदावर हे कुणी सांगितलं?"

जिन्तनानं तोंड उघडलं. तिचं कंत्राट होतं, मागं साहेब होते, आता घोरणं थांबलं होतं. तिनं श्वास घेतला… आणि तेवढ्या श्वासात मागून आवाज आला.

"मी सांगितलं, गुरुजी."

आरशात तिला क्रियांगचे डोळे दिसले. त्यानं मान किंचित हलवली. नको.

"तू?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "पंधरा वर्षं माझ्या ताटातलं जेवलास. थोडं थांबवलं नाही? त्या पोरीसाठी घाई झाली ना? बाईसाठी मुकुट चोरलास, क्रियांग?"

"चुकलं, गुरुजी."

"माझा हात आता तुझ्या डोक्याला लागणार नाही. आणि माझ्यामागं दुसऱ्या कुणाचा लावून घेतलास, तर पितरांपुढं मी स्वतः साक्ष देईन."

गाडी चालत राहिली. दोन्ही बाजूंना रबराची झाडं एका ओळीत, ओळीमागून ओळ. जिन्तना समोरच्या काचेकडे पाहत होती. बोल, ती स्वतःला म्हणत होती, आत्ता बोल. पुढच्या वळणाला बोल. त्या पेट्रोलपंपानंतर बोल. त्यानंच नको म्हटलंय ना, मग त्याचं ऐकावं. दोन दिवसांत म्हाताऱ्याचा राग उतरेल, मग शांतपणे सांगता येईल… घर आलं तेव्हाही ती सांगण्याची योग्य वेळ शोधतच होती.

*

अकरा दिवस गेले. रोज सकाळी ती ठरवायची. रोज संध्याकाळी तिला एक कारण सापडायचं. बाराव्या दिवशी ती स्कूटरवरून निघाली, वाटेत वाक्यं पाठ करत, आणि घरासमोर गर्दी दिसली. पहाटे गुरुजींना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती.

क्रियांग ओल्या टॉवेलनं त्यांचे पाय पुसत होता. तिला पाहून उठला, बाहेर जाऊ लागला.

"थांब," ती म्हणाली. "तुझ्यासमोर सांगायचंय."

तिनं गुरुजींच्या कानाशी तोंड नेलं. सगळं सांगितलं. फोन, पान, न वाचलेली ओळ, गाडी. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून सांगितलं. म्हातारे डोळे छताच्या पंख्याकडे लागलेले होते. पापणी हलली का? तिला वाटलं हलली. पण पंख्याचा वारा होता, आणि पापणी तर नुसतीही हलते.

"ऐकलं असेल ना त्यांनी? क्रियांग… ऐकलं असेल ना?"

तो टॉवेल पिळून परत पाय पुसायला बसला.

ज्या महिन्यात मुकुट चढायचा होता त्या महिन्यात नोरा रियाप गेले. सरकारी मानानं अग्नी दिला. अंगावर पदक, फुलांची चक्रं, साहेबांची भाषणं. आठवडाभरानं जिन्तना सरोवराकाठच्या तीन वडील नोरांपुढं देवळाच्या मंडपात गुडघे टेकून बसली आणि सगळं परत सांगितलं. सुरात साहेबांनाही सांगून झालं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "मेलेल्या माणसाचा मान उतरवून कुणाचं भलं होणार?"

तिघांनी सगळं ऐकून घेतलं. मग सर्वांत वयस्कर म्हणाला, "आमचा विश्वास आहे तुझ्यावर, पोरी. पण शब्द त्याचा होता. मागे घ्यायचा तर त्यानंच घ्यायला हवा होता. तो असताना, बोलता असताना." आणि त्यानं हळूच विचारलं, दोष न देता, नुसतं कळावं म्हणून, "गाडीत का नाही बोललीस?"



*

चटयांच्या त्या शेडमध्ये ती त्याला शेवटची भेटली. पाऊस होता, बारीक, आवाज नसलेला.

"आता मुकुट नाहीच," ती म्हणाली. "मग कसली वाट पाहायची? लग्न करू. हाट याईला जाऊ, काहीही करू… क्रियांग?"

"तुझ्याशी लग्न केलं तर गुरुजी खरे ठरतील."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती खाली बसली.

"बाईसाठी मुकुट चोरला म्हणाले ना ते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "नाही केलं लग्न, तर निदान ते चुकले होते एवढं तरी उरेल."

"कुणाला कळणार ते?"

"एका माणसाला तरी."

"कुणाला?"

"तुला."

ती रडू लागली. "शिव्या दे मला. ओरड तरी. असा उभा राहू नकोस."

तो तिच्यासमोर बसला, नेहमीसारखा, थोडा जवळ. "ऑफिसात जाऊन पाहिलं मी ते पुरवणीचं पान," तो म्हणाला. "अक्षर फार सुंदर आहे तुझं. माझं नाव इतकं नीट कुणी लिहिलं नव्हतं कधी."

मग तो उठला आणि पावसात निघून गेला. डोक्यावर काही न घेता.

*

याला आता सहा वर्षं झाली. जिन्तना हाट याईला असते. नवरा शाळेत शिकवतो, चांगला आहे. मुलगी तीन वर्षांची. मुलीनं साधी थाप मारली, दूध प्यायले म्हणून सांगितलं आणि पेला भरलेला सापडला, तरी जिन्तनाचे हात गार पडतात. नवऱ्याला वाटतं, ही जरा जास्तच काळजी करते.

क्रियांग नाचत नाही. गुरुजींच्या घरी एकटाच राहतो, आणि बान ख्लोंग प्रिंगची मंडळी नाचायला जातात तेव्हा मागे बसून ढोल वाजवतो. एकदा ती गेली होती, मुलीला कडेवर घेऊन, गर्दीत अगदी मागे उभी. त्यानं मान वर केली. ढोल थांबला. नाचणाऱ्याचा पाय हवेत राहिला, सगळे वळून बघू लागले, आणि तो काठ्या खाली ठेवून पडद्याआड गेला. त्यानंतर ती गेली नाही. तिला जाता येणार नाही.

म्हणून ती तुम्हाला सांगते. सहाव्या महिन्यात कधी त्या सरोवराकडे गेलात, तर बुधवारी जा, विधी बुधवारी सुरू होतात. सगळे पुढं नाचणाऱ्याकडे बघत असतील. तुम्ही मागे बघा. कानावर केस पांढरे झालेला, अजून तरुण असा एक ढोलवाला असेल. विश्रांतीला ढोल थांबला की त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि बरा आहेस ना, एवढंच विचारा. कुणी पाठवलं ते सांगू नका.

तो हो म्हणेल. पटकन म्हणेल, हसूनही म्हणेल. पण तेवढ्यावर उठू नका. जरा वेळ तिथंच बसून राहा, आणि मग परत एकदा विचारा.